बेल्परची मिल अन् आपली जिनिंग

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात मोठी जाहिरात होती. तालुक्याच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याच्या, जागेवर लेआउट पडून राहिला, एन.ए. प्लॉट, सिमेंट रोड, नाली, लाइट, बुकिंग चालू. जिनिंग कोणती ते मी लिहित नाही, मालक ओळखीचा आहे अन् त्याला दोष देण्यात काही अर्थ बी नाही, बंद पडलेली जिनिंग कोण किती दिवस सांभाळन, टॅक्स तं भरावाच लागते. पण जाहिरातीत त्या चिमणीचा फोटो होता अन् खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की चिमणी काढून जागा साफ करून मिळेल. ते वाचलं अन् हे पत्र लिहायला बसलो. लांब झालं तं काटछाट करा, पण बेल्परचा भाग कापू नका.

आता बेल्पर म्हणजे काय ते सांगतो. मी खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर होतो, कापूस फक्त सरकारच घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या जमान्यापासून, बोटात रुई ओढून धाग्याची लांबी सांगायची अन् शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या एवढंच काम आयुष्यभर केलं. लेक इंग्लंडमधी डर्बीला राहते, तिच्याकडे गेलो होतो. जावईबुवा म्हणे लंडन दाखवतो, राणीचा वाडा दाखवतो. मी म्हटलं ते टीव्हीवर पाह्यलं, मला कापसाची मिल दाखवा. तिथून रेल्वेनं थोडंसंच उत्तरेला, तेराएक किलोमीटरवर, बेल्पर नावाचं गाव आहे. गाव म्हणजे वस्ती वीस-बावीस हजार, आपल्या आर्वीपेक्षा बी लहान. डरवेंट नावाची नदी, नदीला लागून मिल, मिलच्या वर टेकाडावर मजुरांची घरं अन् एक चढाची बाजारपेठ. एवढंच गाव. अन् हे एवढंसं गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, २००१ पासून, म्हणजे आपल्या ताजमहाल अन् अजिंठ्याच्या यादीत. एकटं बेल्पर नाही, मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंत नदीच्या काठाकाठानं चोवीसएक किलोमीटरचा पट्टा आहे, त्यातल्या सगळ्या जुन्या कापसाच्या अन् रेशमाच्या मिला धरून.

काहून मिळाला मान? तिथं राजा नाही झाला, लढाई नाही झाली, देवस्थान नाही. तिथं फक्त सूत कातलं गेलं.

जेडेडाया स्ट्रट नावाचा माणूस, १७२६ चा जन्म, शेतकऱ्याचं पोरगं. गाडीची चाकं बनवणाऱ्या सुताराकडे शिकला. मग मोज्यांच्या यंत्राला एक जोड त्यानं काढली ज्यानं उभ्या रेघांचे ताणले जाणारे मोजे विणता येऊ लागले, त्यातून पैसा आला. तो पैसा त्यानं आर्कराइट नावाच्या माणसाच्या कताई यंत्रात टाकला, ते १७७१ मधी क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर सुरू झालं, अन् पुढच्या पाच-सात वर्षात स्वतःची मिल बेल्परला उभी केली. त्याच्या आधी हे गाव खिळे ठोकणाऱ्या लोहारांचं होतं, घरोघरी भट्टी अन् घोड्याच्या नालेचे खिळे. तसं एक खिळ्याचं दुकान जोसेफ स्ट्रीटवर अजून ठेवलेलं आहे, आपल्या पानठेल्याहून थोडं मोठं असन.

आता माझा खरा जीव जिथं अडकला ते सांगतो, ती नॉर्थ मिल. पहिली मिल लाकडी पाटणीची होती, १८०३ मधी जळून खाक झाली. आपल्याकडे जिनिंगमधी काम केलेल्या कोणालाबी इचारा, कापसात एक खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की रोलरवर ठिणगी पडते अन् तासाभरात गंज भस्म. तिथं तं कंदील, दिव्याचं तेल, लाकडी जमीन अन् हवेत उडणारी रुई, सगळंच होतं. जेडेडायाचा पोरगा विल्यम याला इमारतीचं वेड, त्यानं १८०४ मधी त्याच जागी नवी मिल बांधली अन् लाकडाला जवळजवळ सुट्टीच देऊन टाकली. ओतीव लोखंडाचे खांब, खांबावर लोखंडी तुळया, दोन तुळयांच्या मधात विटांची कमान अन् त्यावर फरशी. जळायला काही ठेवलंच नाही. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली मिल श्रूजबरीची, १७९७ ची, पण बेल्परची अजून जशीच्या तशी उभी असलेल्या सगळ्यात जुन्या इमारतीतली एक आहे. आता मुंबईत पन्नास-साठ माळ्याचे टॉवर उभे राहतात ते बी सांगाड्यावरच, त्या सांगाड्याचं खानदान शोधत गेलं की सूत कातायच्या मिलपाशी येऊन थांबते. वरच्या माळ्यावर, कौलाखाली, पोट्ट्यांची रविवारची शाळा भरायची. सहा दिवस मिलमधी काम अन् सातव्या दिवशी त्याच इमारतीत बाराखडी.

मिलच्या बाजूला नदीवर अर्धगोल बांध आहे, घोड्याच्या नालेसारखा, पाणी त्याच्यावरून सारखं घसरत राहते अन् आवाज एवढा की जावईबुवा काय बोलून राहिले ते ऐकू येत नव्हतं. त्याच पाण्यावर मिलची चाकं फिरायची, अन् आज त्याच पाण्यावर वीज तयार होते. बाजूला १९०६ मधी स्ट्रटच्याच खानदानातल्या एकानं गावासाठी बगिचा करून दिला, त्यात बँड वाजवायचा चौथरा, नावा, चहाची जागा. तिथं म्हातारे लोक बाकावर बसून ब्रेड खाऊन राहिले होते अन् बदकं त्यांच्या पायापाशी, आपल्या बस स्टँडवरच्या बकऱ्यांसारखी हक्कानं.

अन् एक पूल आहे रस्त्यावरून, दोन मिलला जोडणारा, दगडी कमानीचा. त्याच्या भिंतीत बारीक भोकं आहेत. मला वाटलं हवेसाठी असतील. ती बंदुकीसाठी होती! मजूर चिडून यंत्रं फोडायला आले तं गोळ्या झाडायला. मालकानं शाळा काढली, घरं बांधली, बगिचा दिला, अन् बंदुकीची भोकं बी ठेवली, हे सगळं एकाच माणसाचं घराणं आहे. ते भोक बुजवून टाकलं असतं तं कोणी काही म्हटलं नसतं, पण ठेवलं, म्हणून मला समजलं.

मजुरांची घरं म्हणजे लाँग रो. १७९२ ते १७९७ च्या काळातली, चढावर एका ओळीत तीन मजली लहान लहान घरं, प्रत्येकाला थोडी बाग, भाजीपाला लावायला, डुकरं पाळायला. भाडं पगारातूनच कापून घ्यायचे, दूध-भाजी बी मालकाच्याच शेतातली. बाजूच्या गल्ल्यांना नावं मालकाच्या पोरांची, विल्यम, जॉर्ज, जोसेफ. मधातून १८४० मधी रेल्वे आली, तिच्यासाठी टेकाड चिरलं तं लाँग रोचे दोन तुकडे झाले, ते तसेच आहेत अजून, मधात खाली गाडी जाते अन् वर पूल.

आता मुद्द्याची गोष्ट ही की त्या घरात लोक राहतात. म्युझियम नाही केलं त्याचं, काचेच्या पेटीत नाही ठेवलं. दारात कचऱ्याचे डबे, खिडकीत मांजर, एका घरावर 'विकणे आहे'ची पाटी. एक बाई कुत्रं फिरवत होती, जावईबुवानं तिला सांगितलं की आमचे सासरे कापसाच्या मुलखातून आलेत, तशी ती थांबली अन् घर किती छान वगैरे सांगायच्या ऐवजी अर्धा तास रडगाणं गाऊन राहिली की खिडकीची चौकट सडली पण प्लास्टिकची बसवता येत नाही, लाकडाचीच पाहिजे, त्याच्यासाठी कौन्सिलची परवानगी, नकाशा, फी. मला एकदम आपल्या तहसीलमधी असल्यासारखं वाटलं. पण ती बाई घर सोडून बी जात नव्हती, हे बी पाहा.

गावाचा स्वभाव थोडा येडपटच आहे. सॅम्युअल स्लेटर नावाचं पोरगं याच गावचं, १७६८ चा जन्म, स्ट्रटकडेच काम शिकलं. त्या काळी यंत्राचं ज्ञान घेऊन देशाबाहेर जायला कायद्यानं बंदी होती, तं त्यानं कागद-नकाशा काहीच घेतला नाही, सगळं डोक्यात भरलं अन् १७८९ मधी गुपचूप अमेरिकेला पळाला. तिथं पॉटकेटला पाण्यावर चालणारी कताई सुरू करून दिली. अमेरिकेत तो उद्योगाचा बाप, बेल्परमधी गद्दार. आता दोन्ही गावं मैत्रीची गावं आहेत, अन् मैत्रीखातर पॉटकेटवाल्यांनी बेल्परला काय भेट दिली तं 'मिस्टर पोटॅटो हेड' नावाच्या बटाट्याच्या तोंडाच्या खेळण्याचा माणूसभर उंच पुतळा, कारण ते खेळणं बनवणारी कंपनी तिथली. बेल्परच्या लोकांनी एवढी बोंब मारली की तो काढावा लागला. अन् २०२० च्या लॉकडाउनमधी आपण थाळ्या वाजवल्या, तिथं लोक रोज संध्याकाळी साडेसहाला दारात येऊन दोन मिनिटं गाईसारखं हंबरायचे. खोटं नाही सांगून राहिलो, लेकीनं व्हिडिओ दाखवला. बाजारपेठेत जुनी रिट्झ टॉकीज आहे, बंद पडली होती ती पुन्हा चालू केली, सोफ्यावर बसून पिक्चर पाहतात. २०१४ मधी देशातल्या चांगल्या बाजारपेठांच्या स्पर्धेत बेल्परला बक्षीस बी मिळालं. मॉल नाही, ब्रँड नाही, कसाई, बेकरी, लोखंडी सामान, असली दुकानं. आपल्या मेन रोडसारखीच, फक्त नालीचा वास नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. मिलच्या बाजूला लाल विटांची ईस्ट मिल आहे, १९१२ ची, अवाढव्य, ती बरीच वर्षं रिकामी पडलेली. तिचं काय करायचं यावर तिथं बी भांडणं, फ्लॅट करा म्हणणारे अन् नका करू म्हणणारे. म्हणजे वारसा म्हटलं की पैसा कोण टाकन हा प्रश्न सायबालाबी सुटलेला नाही.

आता कोणी म्हणन की गोऱ्यांचं कौतुक करून राहिला. नाही बाप्पा. त्या मिलमधी सात-आठ वर्षाची पोट्टे बारा-बारा तास काम करायची, नऊ वर्षाखालच्या पोरांना कापसाच्या मिलमधी लावू नये हा कायदा १८१९ मधी आला, पण तो पाळतात का ते पाहायला इन्स्पेक्टर नेमायला १८३३ उजाडलं. अन् कापूस कुठून यायचा? पहिले वेस्ट इंडिजमधून, नंतर अमेरिकेतून, म्हणजे गुलामांनी वेचलेला. युनेस्कोच्या पाटीवर आर्कराइट अन् स्ट्रटचं नाव मोठं असते, वेचणाऱ्याचं नाव कुठंच नसते. आणि इथंच आपला संबंध येते साहेब.

१८६१ मधी अमेरिकेत आपसातली लढाई सुरू झाली, तिथला कापूस अडकला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या मिला बंद पडल्या, मजूर उपाशी. तवा सायबाचं लक्ष वऱ्हाडावर अन् वर्धेच्या खोऱ्यावर आलं. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस 'उमरा' म्हणून विकला जायचा, म्हणजे उमरावती, आपली अमरावती. हिंगणघाटचा माल तं गावाच्याच नावानं ओळखला जायचा, त्याची बनी जात, आखूड धाग्यांच्या देशी कापसात ती वरची. भाव असे चढले की लोकांनी ज्वारी मोडून कापूस लावला, अन् १८६५ मधी लढाई संपली तसे भाव खाली आपटले. शेतकरी बुडाला, सावकार तरला. वाचून नवीन काही वाटलं का? मला बी नाही वाटलं. सरकारनं कापसासाठी खास कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. १८६७ मधी नागपूरपर्यंत रेल्वे आली. १८७० मधी खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबवरून फाटा टाकला अन् त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावात व्हाइसरॉय! आज आमदार यायला तीन वेळा तारीख बदलते.

मग आल्या जिनिंगा. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाला लागून एक, दोन, चार. कारण सरकीसकट कापूस गाडीत भरणं परवडत नाही, इथंच रुई वेगळी करायची, दाबून गाठ बांधायची अन् मुंबईला रवाना. हिंगणघाट, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, ही गावं आज जशी दिसतात ती या धंद्यानं तशी झाली. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, २००२ मधी बंद झाली, आता तिथं मॉल आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली, तिचं जुनं वाफेचं इंजिन १९२१ मधी मँचेस्टरला बनलेलं, १९९४ पर्यंत ओढत होतं. आता गाडी बी नाही, रुळावर बोरी-बाभळी उगवून राहिल्या.

म्हणजे एका टोकाला बेल्पर, दुसऱ्या टोकाला आपण, धागा एकच. त्यांनी त्यांचं टोक धरून ठेवलं अन् जगाला दाखवून राहिले. आपलं टोक आपण वजनावर भंगारात देऊन राहिलो. मग जगाला ही गोष्ट अर्धीच कळणार, सूत कातणाऱ्याची, पिकवणाऱ्याची नाही.

त्या जाहिरातीतल्या जिनिंगमधी मी नोकरीच्या दिवसात कितीतरी वेळा गेलो. लांबच लांब टिनाचं शेड, जमिनीत एक मोठा शाफ्ट, त्याच्यावर चामड्याचे पट्टे अन् एका ओळीत जिन मशिनी. त्यातल्या काहींच्या अंगावर ओतीव अक्षरात 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' लिहिलेलं, अक्षरात रुईचा भुसा बसून बसून ती पांढरी दिसायची जशी कोणी चुन्यानं रंगवली. रोलरला चामडं गुंडाळलेलं, ते झिजलं की फिटर हात फिरवून सांगायचा की याला आठ दिवस आहेत अजून. समोर बाया कापसातली पत्ती, कवडी वेचत बसायच्या, नाकातोंडाला लुगड्याचा पदर, खोकल्याचा आवाज मशीनच्या वर. प्रेसवर हमाल, अंगावर फक्त धोतर, गाठ दाबली की लोखंडी पट्टी ठोकायची. सकाळचा भोंगा झाला की अख्ख्या गावाचे घड्याळं जुळायचे. त्या बायांचं नाव कोणत्याच रजिस्टरमधी धड सापडणार नाही, अर्ध्या जणी तं कोणाच्या तरी नावावर हजेरी लावायच्या.

आपल्याकडे वारसा म्हटलं की किल्ला, मंदिर, वाडा. चांगलंच आहे. पण वर्धेला मगन संग्रहालय आहे, १९३८ मधी गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं, तिथं चरखे पाहायला मिळतात, खादीची सगळी तऱ्हा पाहायला मिळते. चरख्याला घर मिळालं. जिनिंगला नाही मिळालं, कारण चरख्यात देशभक्ती आहे अन् जिनिंगमधी घाम, धूळ अन् शेटजी. मला विचाराल तं आपल्या आज्या-पणज्यांनी चरख्यापेक्षा जिनिंगमधी जास्त दिवस काढले.

आता म्हणून काय करायचं, लेआउट थांबवा म्हणून उपोषणाला बसायचं का? नाही. पोरांना प्लॉट पाहिजे, मालकाला पैसा पाहिजे, हे मला समजते. पण नगर परिषद लेआउट मंजूर करते तवा ओपन स्पेस सोडायला लावतेच ना, मग तो ओपन स्पेस चिमणीभोवती सोडायला लावा. चिमणी उभी राहीन अन् बगिचा बी होईन, खर्च वेगळा नाही. पाडायच्या आधी शेडची मापं घ्या, फोटो काढा, आपल्या जिल्ह्यात इंजिनिअरिंग अन् पॉलिटेक्निकचे एवढे पोट्टे आहेत, त्यांना प्रोजेक्ट म्हणून द्या, नाहीतरी ते नेटवरून छापूनच आणतात. एक जिन मशीन अन् एक जुना प्रेस बाजार समितीच्या यार्डात ठेवा, दिवाळीनंतर शेतकरी गाड्या घेऊन रात्र-रात्र तिथं नंबर लावून बसते, त्याला पाहायला तरी काही राहीन. अन् विकास आराखडा बनते तवा वारशाच्या यादीत एखादी जिनिंग, एखादं स्टेशन, एखादा कापूस बाजार टाकायला काय हरकत आहे. लेआउटला 'फलाणा नगर' म्हणण्यापेक्षा 'जिनिंग नगर' म्हटलं तरी बेल्परच्या विल्यम अन् जोसेफ गल्लीपेक्षा बरं, कारण ते मालकाच्या नावावर आहे अन् हे कामाच्या नावावर राहीन.

इंग्लंडमधी सप्टेंबरमधी काही दिवस असे असतात की जुन्या इमारती, एरवी बंद असलेल्या बी, लोकांना फुकट उघडून दाखवतात, गावचेच लोक फिरवून सांगतात. आपल्याकडे हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, चालू जिनिंगवाल्यांनी एक दिवस शाळेच्या पोरांना आत घेतलं तं काही बिघडणार नाही. आजकालच्या कापूसवाल्याच्या पोराला सरकी अन् रुई वेगळी कशी होते ते ठाऊक नसते, त्याला गाठ म्हणजे फक्त भावाच्या मेसेजमधला आकडा.

आणि तुम्हाला एक विनंती, संपादक साहेब. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, महिन्यातून एकदा दिलं तरी चालेल. वाचकांकडे जुने फोटो असतील, जिनिंगच्या पूजेचे, प्रेससमोरचे, हमालांचे, बैलबंड्यांच्या रांगांचे, पगाराच्या चिठ्ठ्या, गाठीवर मारायचे छापे. तालुका वार्ताहराकडे द्यावे, त्यानं मोबाइलवर फोटो काढून मूळ फोटो लगेच परत द्यावा, नाहीतर गेलेला फोटो परत येत नाही. अन् फोटोच्या मागे कोण कोण उभं आहे अन् साल काय ते पेन्सिलीनं लिहावं, पेनानं लिहिलं तं शाई पुढच्या बाजूला फुटते. बायांची नावं पहिले लिहा, ती लवकर विसरली जातात.

आपला,
एक निवृत्त ग्रेडर अन् सध्या कापूस उत्पादक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा